लाल बादली आणि नव्या कमोडचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. माझा लाल रंग आता कानांच्या खाली आणि काठाच्या घडीत तेवढा शिल्लक आहे. बाकी सगळीकडे पत्रा दिसतो. आपली हकिकत सांगणाऱ्या वस्तू बहुधा शूर असतात, किंवा निदान उपयोगी तरी असतात. मी भित्री आहे. मी जे सांगणार आहे त्यात बहुतेक वेळ मी घाबरलेलीच असेन. तुम्हाला हे चालत असेल तर ऐका. नसेल तर माझा राग नाही, मला सहसा कोणी काही विचारत नाहीच.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर घडलेल्या बादल्यांना सपाट बूड मिळाले आणि मला गोल, खाली निमुळते होत गेलेले. त्या फळीवर ताठ उभ्या राहत आणि मी कलंडत असे. कारागिराच्या हातून चूक झाली असावी, असे मी कितीतरी दिवस धरून चालले होते. नंतर समजले की आगीसाठी ठेवायच्या बादल्यांचे बूड मुद्दामच असे करतात. खाली ठेवता येत नाही म्हटल्यावर ती उचलून घरी नेण्याचा मोह कोणाला होत नाही. मग मला लाल रंग दिला गेला, पोटावर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ असे लिहिले गेले आणि अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर, एका हुकाला, काठोकाठ वाळू भरून मला टांगले गेले.

तिथली घंटा तुम्ही ऐकली असती तर तुम्हाला माझी दया आली असती. ती वाजली की माणसे जिन्यावरून धडाधड खाली येत, बंबाचे इंजिन गुरगुरू लागे आणि माझ्या पोटातली वाळू थरथरू लागे. आता मला नेणार, आता मला त्या ज्वाळांपुढे धरणार, असे दर वेळी वाटे. बंब निघून जाई. मी हुकालाच लटकलेली राही. सुटले म्हणून आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाजही वाटायची.

बंबाचा ड्रायव्हर तेव्हा तरणाताठा होता. पंप सांभाळायचे कामही त्याच्याकडेच असे. त्याचा कान फार तिखट. पंपाच्या आवाजावरून तो पाण्याचे दुखणे ओळखायचा. एकदा बंबाच्या टाकीतून पाणी अडखळत, आचके देत येऊ लागले. बाकीचे लोक पाइप बदलायला धावले. हा मात्र तिथूनच ओरडला, “अरे, आधी वरचं झाकण सैल करा! पाणी खाली जायचं तर वरून हवा नको का यायला? गुदमरलीय ती टाकी!” झाकण सैल केले आणि पाणी सुरळीत आले. ही गोष्ट मी लक्षात ठेवली होती असे म्हणणे खोटे होईल. तेव्हा ती मला नीट कळलीही नव्हती.

निघण्यापूर्वी तो मला दोन टिचक्या मारी आणि म्हणे, “येतो गं.” वाळूने भरलेली असल्यामुळे मी नुसती ढप्‌ ढप्‌ वाजे. इतर लोक त्याला हसत. “बादलीला काय सांगतोस? बायकोला सांगून ये!” असे म्हणत. तो हसत नसे. मला वाटायचे, या माणसाला भीती म्हणून ठाऊक नाही, आणि तरीही हा माझ्यासारखीचा निरोप घेऊन जातो.

माझ्या साऱ्या नोकरीत आग माझ्यापर्यंत एकदाही आली नाही. लोक माझ्या वाळूत जळक्या काड्या खोचत, एवढीच काय ती माझी आगीशी ओळख. पुढे भिंतीवर आग विझवणाऱ्या गॅसचे लाल नळकांडे आले आणि आम्हा बादल्यांना भंगारात काढले. ड्रायव्हरही तेव्हाच निवृत्त होत होता. त्याने मला मागून घेतले. घराजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून माझ्या बुडाखाली एक लोखंडी कडे बसवून घेतले आणि म्हणाला, “चल, आता उभी राहा स्वतःच्या पायावर.”

तेव्हापासून मी त्याच्या घरी, शौचालयातल्या नळाखाली उभी आहे. ते जुन्या पद्धतीचे, उकिडवे बसायचे शौचालय होते. पाणी ओतायचे काम माझे. काम हलके, जागा शांत. घंटा नाही. मी तिथे सुखात होते. ड्रायव्हरचा मुलगा मोठा झाला, कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. सून आली, ती घरीच शिवणकाम करते. मग नात झाली. ती एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ड्रायव्हरचे मुलासुनेसाठी अप्पा झाले आणि भिंगरीसाठी आजोबा. मीही त्यांना आता आजोबाच म्हणते. टिचक्यांची सवय मात्र केव्हातरी सुटून गेली. घरातल्या घरात निरोप कोण घेणार?

मग आजोबा अंगणात पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, काठी हातात आली. डॉक्टरांनी सांगितले, “उकिडवं बसायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. आणि काय वाटेल ते झालं तरी पुन्हा पडायचं नाही.”

म्हणून मिस्त्री आला. त्याने जुने भांडे फोडून काढले, पांढराशुभ्र कमोड बसवला, मागे पाण्याची टाकी लावली. जाता जाता कपडे धुण्याच्या मशीनचे सांडपाणीही त्याच मोठ्या पाइपाला जोडून दिले. रंगाऱ्याने भिंती रंगवल्या आणि बाहेरचा पाइपही खालपासून गच्चीवरच्या टोकापर्यंत रंगवून काढला. त्या गडबडीत माझ्यात सिमेंट कालवले गेले. ते खडे अजून माझ्या बुडाशी चिकटलेले आहेत. काम संपल्यावर मिस्त्री मला पायाने बाजूला सारत म्हणाला, “हिचं काय काम आता? भंगारात द्या.” कमोडकडे पाहून मलाही तसेच वाटले. तो इतका गुळगुळीत आणि गोरापान होता की त्याच्याशेजारी उभे राहायचीही मला चोरी वाटे.

आणि मग तो बोलला.

आजोबा आत बसले होते. दार लोटलेले होते. बाहेर मशीनने घरघर करून कपड्यांचे पाणी सोडले. त्याबरोबर आजोबांच्या खालून आवाज आला. गुड... गुड... गुडगुड... गडप! कोणीतरी तळघरात पाण्याचा मोठा घोट घ्यावा आणि मग दीर्घ उसासा टाकावा, तसा. कमोडमधले पाणी वर उसळून डचमळले. आजोबांनी भिंतीवर हात आपटला. माझे कान कडीसकट थरथरले. या पांढऱ्या भांड्याच्या तळाशी काहीतरी आहे आणि ते भुकेले आहे, याबद्दल माझी खात्री झाली.

त्या दिवसापासून घराचे स्वास्थ्य गेले. टाकी भरताना बारीक शीळ वाजायची, ती वेगळीच. पण ते गुडगुडणे फार वाईट. फ्लश ओढला की यायचे, आणि कोणी काही न करताही यायचे. सून आत जाताना मोठ्याने खाकरायची. मुलगा दार अर्धे उघडे ठेवू लागला आणि विचारले की म्हणायचा, “उकडतं आत.”

“बाबा, आत कोणीतरी राहतं,” भिंगरी म्हणाली.

“राहू दे की,” मुलगा म्हणाला. “भाडं मागू आपण.”

“अहो, चेष्टा काय करताय? पोरगी शाळेतून येते ती जीव मुठीत धरून शेजारच्यांकडे पळते. मलाही दचकायला होतं.”

“नवीन आहे गं तो. लाजतोय अजून. अप्पांना विचार, ते घाबरतात का?”

“हॅट्!” आजोबांचा आवाज आला. “जळत्या गोदामात पंप चालवलाय मी. भांड्याला भिणार?”

मी दाराआडून हे ऐकत होते. मला एकटीलाच खरे माहीत होते, आणि मला तोंड नाही. आजोबा आत येत, बसत, आणि त्यांचे सारे अंग कान होऊन जाई. बाहेर मशीनची चाहूल लागली की काम अर्धवट टाकून, भिंत धरधरून उठत. कपाळावर घामाचे थेंब असत. मग आरशात पाहून ते घाम पुसत, मिशीवरून हात फिरवत आणि बाहेर जाताना मुद्दाम काठी जोरात आपटत. हळूहळू त्यांचे येणेच कमी झाले. सुनेच्या बोलण्यातून मला कारण समजले.

“अप्पा, सकाळचा तांब्या भरलेला तसाच आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“तहान नाही गं.”

“तहान नाही, भूक नाही. ओठ बघा कसे फुटलेत.”

मिस्त्रीला बोलावणे गेले. त्याने फ्लश ओढला. टाकीची शीळ ऐकली आणि मान डोलावली. टाकीच्या नळाची चावी थोडी आवळली, आतला तरंगणारा गोळा नीट बसवला. शीळ थांबली. “झालं बघा काम!” तो म्हणाला. सून म्हणाली, “आणि ते गुडगुडतं ते?” तो म्हणाला, “ताई, पाणी जाणार तर थोडं बोलणारच. मुक्याने कसं जाईल?” मशीन तेव्हा बंद होते, त्यामुळे कमोडनेही आपले खरे रूप त्याला दाखवले नाही. मिस्त्री वाईट माणूस नव्हता. त्याला शीळ सापडली, तेवढ्यावर तो खूश झाला. पण शीळ गेल्यामुळे ते गुडगुडणे आता एकटेच उरले आणि अधिकच भयंकर वाटू लागले.

आणि मग ती दुपार आली. ती आठवली की आजही माझ्या पत्र्याला कंप सुटतो.

आजोबा आत बसले होते. पाणी कमी प्यायल्यामुळे त्यांना त्या दिवशी चक्कर येत होती. त्यांनी काठी माझ्या काठाला टेकवून ठेवली होती. बाहेर मशीनने पाणी सोडले. नेहमीपेक्षा मोठा घोट, गडप! आणि कमोडमधले पाणी उसळून त्यांच्या अंगाला लागले. आजोबा ताडकन उठले. ओल्या फरशीवर त्यांचा बरा पाय सरकला. मी पाहत होते. ते माझ्याच दिशेने पडत होते. माझा काठ धारदार आहे. मला हलता आले नाही, ओरडता आले नाही, नुसते उभे राहता आले. त्यांचा हात माझ्या काठावर पडला. मी निम्मी भरलेली होते, म्हणून कलंडले नाही. बुडाखालच्या लोखंडी कड्याने फरशी घट्ट धरली. काठी खडखडत खाली गेली आणि आजोबा एका हाताने मला आणि एका हाताने कमोडला धरून, अर्धे वाकलेले, तसेच थांबले. त्यांच्या छातीचा ठोका माझ्या काठातून मला जाणवत होता. पडले नाहीत. पण किती थोडक्यात!

आवाज ऐकून मुलगा धावत आला. त्याने वडिलांना धरून पलंगावर नेऊन बसवले. त्याचा आवाज कापत होता, म्हणून तो चढ्या आवाजात बोलत होता.

“बस्स झालं, अप्पा. आजपासून पलंगाशेजारी भांडं. मी आत्ताच घेऊन येतो. मी काही ऐकणार नाही.”

“पलंगावर? पोरीसमोर?”

“पडदा लावू.”

“पडदा लावून काय होतं रे,” आजोबा हळूच म्हणाले. “एवढी एक गोष्ट माझी मी करतो. तीही काढून घेतोस?”

मुलगा दाराकडे वळला. चपला घालून बाजारात निघून गेला. तो रागावला नव्हता. घाबरला होता. माझ्यासारख्या भित्रीला तो फरक लगेच कळतो.

थोड्या वेळाने मला दारात काठीचा आवाज ऐकू आला. आजोबा उंबऱ्यापाशी खुर्ची घेऊन बसले होते आणि आत टक लावून पाहत होते. आत यायचे धाडस होत नव्हते. भिंगरी मागून आली आणि त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

“आजोबा, तुम्ही आगीला भीत नव्हता ना?”

आजोबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “कोण म्हणतं? घंटा वाजली की वाटायचं, आज जायलाच नको. दर वेळी.”

“खरंच?”

“अगदी. म्हणून तर स्टिअरिंग घट्ट धरायचो.”

“मग आता याला पण भिता?”

“भितो.”

“मी पण,” भिंगरी म्हणाली आणि खाली बसून तिने त्यांचा गुडघा धरला. “मग तेव्हा काय करायचा?”

मित्रांनो, आयुष्यभर ज्या माणसाला मी निर्भय समजत होते, तो माझ्यासारखाच होता. हे ऐकून मला दुःख व्हायला हवे होते. मला उलट इतके हलके वाटले की जणू कोणी माझ्यातली सगळी वाळू काढून घेतली.

आजोबा म्हणाले, “तेव्हा मी पंपाला हात लावून ऐकायचो. ऐकत असलं की भीतीला जागा कमी पडते.” ते थांबले. मग त्यांनी हाक मारली, “सूनबाई! हातातलं शिवण ठेव जरा. या भांड्याची चौकशी करायची आहे.”

सून आली, शिलाई मशीनवरचा दोरा अजून खांद्यावर घेऊन. आजोबा खुर्चीतूनच हुकूम सोडू लागले, आणि त्यांचा आवाज मला केंद्रातल्या दिवसांसारखा वाटला.

“आधी बोलतंय कोण, ते ठरवू. मागची टाकी की खालचा पाइप? टाकीची चावी बंद कर. आता फ्लश ओढून ती रिकामी कर. झाली? आता टाकीची बोलती बंद. त्या बादलीत पाणी भर आणि एकदम ओत.”

त्या बादलीत! म्हणजे माझ्यात! सुनेने मला काठोकाठ भरले, दोन्ही हातांनी उचलले आणि कमोडवर धरले. माझे पोट पाण्याने डचमळत होते की भीतीने, मला सांगता येत नाही. त्या पांढऱ्या घशाच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. सुनेने मला उपडे केले. पाणी भसकन गेले आणि खालून आवाज आला. गुडगुड... गडप!

भिंगरी किंचाळून आजोबांच्या मागे लपली. आजोबांनीही खुर्चीचे हात घट्ट पकडले. पण ते म्हणाले, “टाकी सुटली. तिचा काही गुन्हा नाही. आता धुण्याच्या मशीनचं पाणी सोड, आणि कोणी कशाला हात लावू नका.”

मशीन घरघरले. कोणी जवळ नसताना कमोडमधले पाणी खाली ओढले गेले, मग त्यातून मोठमोठे बुडबुडे वर आले. गुड, गुड, गुड. आजोबा डोळे मिटून ऐकत होते.

“पुन्हा,” ते म्हणाले. पुन्हा झाले. “पुन्हा.”

“अप्पा, मशीनमधलं पाणी संपलं हो.”

आजोबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी आता दुसरे काहीतरी येऊन बसले होते. “हा आवाज मी ऐकलाय,” ते म्हणाले. “भिंगरे, तुझी पाण्याची बाटली आण. भरून आण.”

त्यांनी ती बाटली माझ्यावर उलटी धरायला सांगितली. पाणी आचके देत माझ्यात पडू लागले. गुड, गुड, गुड. अगदी तेच! फक्त लहान, एखाद्या पिल्लाचे असावे तसे. भिंगरीचे डोळे मोठे झाले.

“पाणी खाली यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी,” आजोबा म्हणाले. “वाट एकच असली की दोघांची ओढाताण होते. सूनबाई, टोच्या घे आणि हिच्या बुडाला एक भोक पाड.”

“माझी बाटली!” भिंगरी ओरडली.

“नवी आणू गं, बंबासारखी लाल आणू.”

भोक पडले. बाटली पुन्हा भरली, सुनेने भोकावर बोट दाबून ती उलटी धरली आणि बोट काढले. पाणी एका धारेत, काही न बोलता, माझ्यात उतरले. भिंगरीने कान लावून पाहिले. काही नाही. तिने बोट लावले, गुडगुड. बोट काढले, गप्प. मग तिने दहादा तेच केले आणि दर वेळी हसली.

“म्हणजे आत कोणी राहत नाही?”

“नाही. त्या मोठ्या पाइपाला श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून तो कमोडमधून हवा ओढतोय. बिचारा गुदमरतोय.”

“पण मोठ्या पाइपाला वर हवेची वाट असते ना?” सून म्हणाली. “तो गच्चीवर उघडाच तर असतो.”

 आजोबांची नजर सुनेकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून जमिनीकडे गेली. “अगं,” ते म्हणाले, “डास येतात म्हणून गेल्या वर्षी त्या पाइपाच्या तोंडाला मीच फडकं बांधलंय.”

“फडकं? ती टोपी नाही? मला वाटलं हवा खेळवणारी कंपनीची टोपीच आहे!” सून म्हणाली. “आणि रंगाऱ्याने त्यावर जाडच्या जाड दोन हात मारलेत. मीच म्हटलं त्याला, काहीही सोडू नकोस.”

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. मग सुनेला हसू फुटले आणि आजोबांनाही. साध्या फडक्यातून थोडी तरी हवा येत होती. रंगाने तीही बंद झाली. त्यात माझ्या ओंजळभर पाण्याच्या जागी टाकीचा आणि मशीनचा लोंढा आला. सगळा उलगडा झाला होता. पण मला अजून विश्वास वाटत नव्हता. माझा स्वभावच तसा.

आजोबांना जिना चढायची बंदी. म्हणून सून आणि भिंगरी निघाल्या. जुन्या गाळणीची जाळी, थोडी तार आणि सुनेची मोठी कात्री, हे सगळे भिंगरीने माझ्यात टाकले. अशी मी गच्चीवर गेले. उंच जागा मला सहन होत नाहीत. कठड्यापाशी ठेवल्यावर मी खाली पाहिले नाही.

पाइपाच्या टोकावरचे ते फडके आता फडके राहिलेच नव्हते. ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले, टणक, चकचकीत झाले होते. भिंगरीने बोटाने वाजवले, टम्‌! गाठ बंबाच्या पाइपाला मारतात तशी, पक्की. सुटायचे नाव नाही. सुनेने आपल्या कात्रीकडे पाहिले. ती कात्री ती कोणाला कागदालाही लावू देत नाही.

“कापडच आहे म्हणा,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने टोक खुपसले.

मित्रांनो, तेव्हा जे ऐकू आले ते मी विसरणार नाही. भोक पडले त्याच क्षणी खाली कोणीतरी पुन्हा भरलेल्या मशीनचे पाणी सोडले असावे, कारण पाइपाने त्या भोकातून एकदम हवा आत ओढली. लांब, खोल, हूऽऽऽश. मी ज्याला भुकेले श्वापद समजत होते, ते श्वास घेत होते. भिंगरीने नाक धरले, पण हात हलवून पाइपाला म्हणाली, “घे, घे.”

कापड काढले, जाळी बसवली, तारेने आवळली. डास जाणार नाही, हवा जाईल. आम्ही खाली आलो तेव्हा आजोबा मशीनच्या बटणापाशी उभे होते.

“मशीन लावलंत ना तुम्ही?” सून म्हणाली.

“ऐकायचं होतं,” ते म्हणाले. “पण अजून आत जाऊन बसून बघायचंय.”

त्यांनी मला माझ्या जागी ठेवायला लावले. आत आले. दार लावले, आतून कडी घातली. बसले. बाहेर मशीनमध्ये पाणी भरल्याचा आवाज आला. आजोबांची बोटे गुडघ्यांवर घट्ट मिटलेली होती. माझे तर हातपायच नाहीत, नाहीतर ते गळाले असते. मशीन घरघरले. पाणी सुटले. भिंतीतून ते खाली जाताना ऐकू आले, ओढ्यासारखे सळसळत.

कमोड गप्प राहिला. त्यातले पाणी जराही हलले नाही. दिव्याचे प्रतिबिंब त्यात स्थिर होते.

बाहेरून मुलाचा आवाज आला. तो परतला होता आणि त्याच्या हातात पिशवी असावी, कारण ती खुळखुळली. “अप्पा कुठे आहेत?”

“आत.”

“एकटे? कडी लावून? अप्पा! अप्पा, ठीक आहात ना?”

 मी पाहिले, त्यांचे डोळे भरले होते. मग ते म्हणाले, “अरे, माणसाला बसू देशील की नाही शांतपणे?”

बाहेर भिंगरी खिदळली. मुलगाही हसला. त्या पिशवीतले भांडे बाहेर काढलेच गेले नाही. ते माळ्यावर गेले, असे नंतर ऐकले. आजोबांनी बाहेर जाऊन पहिले काम केले ते भरलेला तांब्या तोंडाला लावण्याचे. तो रिकामा होईपर्यंत घटाघटा आवाज येत होता, आणि त्या आवाजाला कोणी भ्यायले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या भंगारातून वाचलेल्या बादलीने तुम्हाला शहाणपण शिकवावे, हे मला स्वतःलाच पटत नाही. तरी एक विनंती करते. घरातली एखादी वस्तू विचित्र आवाज करू लागली तर तिला शिव्या देऊ नका, आणि तिच्यापासून पळूही नका. ती काहीतरी मागत असेल. आणि घरातले कोणी घाबरलेले दिसले, मग ते कितीही मोठे असो, तर त्याला हसू नका. त्याच्या खुर्चीला टेकून उभे राहा. त्यालाही कदाचित थोडी मोकळी वाट हवी असेल. गच्चीवर कधी गेलात तर पाइपाच्या जाळीवर जमलेली पाने तेवढी काढून टाका.

मला भंगारात दिले नाही. मी त्याच जागी, निम्मी भरलेली नव्हे, रिकामीच, उभी असते. अजूनही मशीन सुरू झाले की मी कान टवकारते, सवय जात नाही. त्या दिवशी आजोबा उठले, हात धुतले, काठी घेतली आणि कडी काढण्यापूर्वी माझ्याकडे वळले. त्यांनी मला दोन टिचक्या मारल्या.

“येतो गं,” ते म्हणाले.

पूर्वी माझ्यात वाळू असायची म्हणून मी नुसती ढप्‌ वाजत असे. आता मी रिकामी होते. त्या लहानशा खोलीत मी घंटेसारखी टण्ण वाजले, आणि त्या आवाजाने आम्हा दोघांपैकी कोणीही दचकले नाही.